पंधरवड्याचा मनाई आदेश आणि मधला एक मिनिट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात चौथ्या पानावर अगदी तळाला ‘जिल्ह्यात ३० तारखेपर्यंत मनाई आदेश लागू’ अशी एका स्तंभातली बातमी होती. शेजारी मूळव्याधीच्या दवाखान्याची जाहिरात. ती बातमी फार जणांनी वाचली असेल असे वाटत नाही. मी वाचली, दोनदा वाचली, कारण तिच्यातली निम्मी वाक्ये माझी आहेत.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हाधिकारी कार्यालयात अव्वल कारकून होतो. शेवटची नऊ वर्षे गृह शाखेत काढली. शस्त्र परवाने, दिवाळीत फटाक्यांच्या दुकानांची प्रकरणे, मंत्र्यांचे दौरे आणि दर पंधरा दिवसांनी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) आणि ३७(३) खालचा मनाई आदेश. पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून पत्र यायचे. आगामी काळात अमुक सण, तमुक जयंती, विविध पक्ष व संघटनांचे मोर्चे, उपोषणे, रास्ता रोको होण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब आदेश व्हावेत. आमच्या संगणकावर ‘मनाई चालू’ नावाची एक फाइल होती. ती उघडायची, दोन तारखा बदलायच्या, सणांची नावे बदलायची, टिप्पणी जोडायची आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायची. वीस मिनिटांचे काम, त्यातली पंधरा प्रिंटरला समजावण्यात जायची.

एकदा श्रावणातल्या आदेशात रंगपंचमी राहून गेली. मार्चची फाइल उघडली गेली होती आणि सणांची ओळ बदलायची विसरलो. अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही झाली, प्रती सगळ्या पोलीस ठाण्यांना गेल्या, जिल्हा माहिती कार्यालयामार्फत वर्तमानपत्रांत छापून आले. भर श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात, आमच्या जिल्ह्यात रंगपंचमीमुळे शांतता धोक्यात होती. एकाही ठाणेदाराचा फोन आला नाही, एकाही वार्ताहराने विचारले नाही. आपल्या दैनिकानेही ते जसेच्या तसे छापले होते, रागावू नका. त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास टाकला. आज वाटते, तेव्हाच हबकायला हवे होते.

या आदेशात काय काय बंद असते ते वाचकांनी एकदा सावकाश वाचावे. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या बाळगणे. दाहक किंवा स्फोटक पदार्थ नेणे. दगड गोळा करणे. इथपर्यंत कुणाची तक्रार नसावी. पुढे माणसांचे, प्रेतांचे किंवा प्रतिमांचे प्रदर्शन करणे, जाहीर घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, आवेशपूर्ण भाषणे करणे, हावभाव करणे, सोंगे आणणे. आणि ३७(३) खाली जमाव आणि मिरवणूक. आदेशात आम्ही ‘पाच किंवा पाचपेक्षा अधिक व्यक्ती’ असे घालायचो. गंमत म्हणजे पाचाचा आकडा या कलमात नाहीच. तो दंड संहितेतल्या बेकायदेशीर जमावाच्या व्याख्येतून आलेला आहे, आणि तिथे पाच डोकी मोजून भागत नाही, त्यांचा हेतूही बेकायदेशीर असावा लागतो. आमच्या फाइलमध्ये आकडा तेवढा आला, हेतू तिकडेच राहिला.

शेवटी सूट. लग्ने, अंत्ययात्रा, धार्मिक मिरवणुका, कर्तव्यावरचे सरकारी कर्मचारी, आधारासाठी काठी लागणारी वृद्ध व अपंग माणसे. काठीची ओळ आमच्याकडे आधी नव्हती. एका बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या धनगराची काठी कुणी अतिउत्साही शिपायाने काढून घेतली, तो बिचारा कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसला, तेव्हा मी ती ओळ घातली. माझ्या नऊ वर्षांतली ही एकमेव सुधारणा.

आता तो मिनिट. आदेशाचा कालावधी असा लिहायची पद्धत आहे: १ तारखेच्या ००.०१ वाजेपासून १५ तारखेच्या २४.०० वाजेपर्यंत. पुढचा १६ तारखेच्या ००.०१ पासून. म्हणजे मध्यरात्री बारा ते बारा वाजून एक मिनिट एवढा वेळ जिल्ह्यात कुठलाच मनाई आदेश नसायचा. महिन्यातून दोनदा, मिनिट मिनिट. आमचे एक नायब तहसीलदार म्हणायचे, या मिनिटात ज्याला सभा घ्यायची असेल त्याने घ्यावी, आमची हरकत नाही. आम्ही खूप हसायचो. वर्षाचे चोवीस आदेश आणि चोवीस मिनिटे.

पंधरा दिवसच का, हे मला निवृत्तीनंतर कळले, कारण नोकरीत असताना कलम पूर्ण वाचायची वेळ आली नव्हती. (हे कबूल करायला लाज वाटते, पण गृह शाखेतल्या किती जणांनी वाचले असेल तेही विचारून पाहा.) ३७(३) ला एक परंतुक आहे. जमावबंदी पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर राज्य शासनाची मंजुरी हवी. विधिमंडळाने ते फाटक जाणूनबुजून लावले होते. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने अडीनडीला पंधरा दिवस लोकांना थांबवावे, त्यापुढे थांबवायचे असेल तर वरच्याला कारण सांगावे. आम्ही काय केले? पंधराव्या दिवशी आदेश संपू द्यायचा आणि सोळाव्या दिवशी नवा काढायचा. नवा म्हणजे तोच. फाटक बंदच राहिले, आम्ही शेजारच्या कुंपणातून ये-जा केली. माझ्या काळात अशा मंजुरीसाठी मंत्रालयात एकही प्रस्ताव गेल्याचे मला आठवत नाही.

सरकारी आदेशाची मराठी तुम्हाला ठाऊक आहे. ‘ज्याअर्थी’ने सुरू होते आणि ‘त्याअर्थी’ने हुकूम येतो. ज्याअर्थीत कारण असते, त्याअर्थीत अधिकार. आमच्या आदेशात त्याअर्थी दीड पान असायचे आणि ज्याअर्थी चार ओळी, त्यातही सणांची यादी. नऊ वर्षांत एकाच अधिकाऱ्याने त्या चार ओळींकडे पाहिले. नवीन रुजू झालेले होते. टिप्पणी परत आली ती समासात हिरव्या शाईतला एक शब्द घेऊन: ‘कारण?’ मी पोलीस अधीक्षक कार्यालयात फोन केला, तिथल्या लिपिकाने विचारले, कारण म्हणजे? मीही तोच प्रश्न साहेबांना विचारणार होतो, पण धीर झाला नाही. पत्रव्यवहारात चार दिवस गेले. ते चार दिवस संपूर्ण जिल्हा मनाई आदेशाविना होता. बाजार भरले, एक मोठे लग्न झाले, शेतकऱ्यांच्या एका संघटनेने बँकेसमोर बोंबा मारल्या आणि पाच वाजता ते लोक घरी गेले. पाचव्या दिवशी अधीक्षक कार्यालयाचे सुधारित पत्र आले, त्यात ‘गोपनीय अहवालानुसार’ हे दोन शब्द वाढवलेले होते. सही झाली.

असे आदेश कधीच लागत नाहीत असे मी म्हणणार नाही. दंगलीची एक रात्र मी पाहिली आहे. रात्री पावणेदोनला शिपाई बोलवायला आला, वीज गेलेली, टंकलेखन यंत्रावर मेणबत्तीच्या उजेडात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा आदेश बडवला. त्या आदेशात तीन गल्ल्यांची नावे होती, एका मशिदीचे आणि एका तालमीचे नाव होते, संध्याकाळी सात वाजता काय झाले आणि साडेनऊला काय झाले ते होते. जिल्हाधिकारी उभ्याउभ्या सांगत होते आणि मी टंकत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तो मागे घेतला. त्या एका आदेशाने चार-दोन जीव वाचले असतील. दर पंधरवड्याच्या आदेशाने पोलिसांचा एक गठ्ठा वाढला, एवढे मी शपथेवर सांगू शकतो.

हे सगळे मी आता का उकरतो आहे? आमच्या गावात नळाला नऊ दिवसांनी पाणी येते. सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी आणि गल्लीतल्या बायकांनी नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर रिकाम्या घागरी घेऊन एक दिवस बसायचे ठरवले. रीतसर अर्ज दिला. उत्तर आले: जिल्ह्यात कलम ३७(१)(३) अन्वये मनाई आदेश लागू असल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे. सोबत आदेशाची प्रत. ती मी चष्मा लावून वाचली आणि काठीच्या ओळीपाशी थांबलो. माझीच ओळ, माझ्याच शब्दांत, एका चुकलेल्या अनुस्वारासकट. संगणक बदलले, साहेब बदलले, फाइल तीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोलीस नोटीस घेऊन दारात. पूर्वी तिला ‘१४९ ची नोटीस’ म्हणायचे, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८. मजकूर ओळखीचा: आपल्या कृत्यामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल व सदर नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल. तो मुलगा सौभाग्यवतींचाच विद्यार्थी निघाला. मान खाली घालून म्हणाला, “बाई, सही तेवढी करा, वरून आलंय.” बाईंनी आधी त्याला चहा दिला, मग लाल पेन काढून नोटिशीतल्या शुद्धलेखनाच्या सात चुकांवर गोल केले आणि मग सही केली. “चौथीत असताना ‘सुव्यवस्था’ बरोबर लिहायचास,” एवढेच म्हणाल्या. मी नंतर कलम १६८ काढून पाहिले. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसाने हस्तक्षेप करावा, एवढेच त्यात आहे. नोटीस हा शब्दच त्यात नाही. आणि घागर घेऊन पायरीवर बसणे हा गुन्हा कशाने होतो? त्या मनाई आदेशाने. सगळा डोलारा त्या वीस मिनिटांच्या कागदावर उभा आहे.

बायका बसल्याच. पण पाच नाहीत, चार. चौघी पायरीवर, बाकीच्या समोरच्या चहाच्या टपरीपाशी, रसवंतीच्या सावलीत, झेरॉक्सच्या दुकानात, सुट्या सुट्या. तासाभराने एक उठायची, दुसरी जाऊन बसायची. फौजदार दोनदा आले, बोटाने मोजून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा चौघींच्या मध्ये एक पाच वर्षांची नात येऊन बसली होती. तिला व्यक्ती धरायचे की नाही यावर दोन शिपायांत थोडी चर्चा झाली. शेवटी तिला गोळी देऊन टपरीवर नेले. मला हसू येत होते आणि पोटात कालवाकालवही होत होती. अडुसष्ट वर्षांची बाई आपल्याच नगरपरिषदेसमोर बसायला डोकी मोजते आहे. त्याच आठवड्यात त्याच रस्त्यावरून एक दिंडी टाळमृदंगाच्या गजरात गेली, फौजदारांनी वीणेकऱ्याला नमस्कार केला. मीही केला. विठ्ठलाचे नाव घेत दोनशे माणसे चालली तर दिंडी, आणि पाण्याचे नाव घेत पाच बायका बसल्या तर जमाव, हा हिशेब मात्र मला जमत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ख) ने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिलेला आहे. त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी निर्बंध घालता येतात, पण ते वाजवी असावे लागतात. हा ‘वाजवी’ शब्द मसुद्यात अनेक ठिकाणी नव्हता. पंडित ठाकूरदास भार्गव डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तो घालण्यासाठी हटून बसले आणि डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली. त्या एका शब्दामुळे निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासू शकते. नसता तर माझ्यासारख्या कारकुनाची फाइल हाच शेवटचा शब्द ठरला असता.

न्यायालयांनी तपासलेही आहे, आणि त्यातली बरीच प्रकरणे आपल्या अंगणातली आहेत. नागपुरात १९५६ साली गिरणी कामगारांच्या दोन संघटनांतल्या तंट्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावले, बाबूलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६१ मध्ये ते हरले, कलम टिकले. सरकारी वकील हा निकाल आजही खिशात घेऊन फिरतात. पण न्या. मुधोळकरांनी कलम टिकवले ते कशावर? हा अधिकार तातडीच्या प्रसंगापुरता, तात्पुरता आहे, दंडाधिकाऱ्याने स्वतः साहित्य तपासायचे आहे आणि ज्याला आदेश लागतो त्याला तो रद्द करून मागता येतो, या पायावर. १९७० मध्ये मधू लिमयेंच्या मुंगेरच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींनी पुन्हा हेच सांगितले, की तातडी हा या अधिकाराचा गाभा आहे. वर्षातून चोवीस वेळा येणारी तातडी ही कोणती, ते मला कुणी समजावून सांगावे.

आपल्याच पोलीस कायद्याचे एक प्रकरण आहे. तो तेव्हा मुंबई पोलीस अधिनियम होता आणि गुजरातेतही लागू होता. अहमदाबादेत हिंमतलाल शहा यांना रस्त्यावर सभा घ्यायची होती, पोलिसांनी परवानगी नाकारली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगीचा तो नियमच रद्द केला. वाहतुकीसाठी वेळ-जागा ठरवून द्या, नियमन करा, पण नाही म्हणण्याचा मोकाट अधिकार पोलिसांच्या हाती देता येणार नाही, असे सांगून. आणि १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात, काश्मीरमधल्या निर्बंधांबद्दल बोलताना, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कलम १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग आहे, आदेशात ठोस तथ्ये यायला हवीत आणि आदेश लोकांना मिळायला हवेत.

कुणी म्हणेल हे १४४ बद्दल आहे, ३७ बद्दल नाही. मग बीडचे घ्या. माजलगावात नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध शांततेने धरणे धरायला परवानगी मागितली होती. अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा ३७(१)(३) चा आदेश पुढे करून पोलिसांनी ती नाकारली. अगदी आमच्या बायकांसारखे. औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश आणि तो नकार दोन्ही रद्द केले. न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी स्पष्ट म्हटले की आदेश वरवर सगळ्यांना लागू दिसत असला तरी त्याचा रोख आंदोलन करू पाहणाऱ्यांवर आहे. एका कायद्याला विरोध करतात म्हणून लोकांना देशद्रोही म्हणता येत नाही, हेही सांगितले. नोकरशाहीला मूलभूत हक्कांचे प्रशिक्षण देण्याची वेळ आली आहे, असेही त्या निकालात आहे. मी तोवर निवृत्त झालो होतो. आम्हाला मिळालेली प्रशिक्षणे म्हणजे कागदपत्रे लावण्याची सहा गठ्ठा पद्धत, निवृत्तिवेतन प्रकरणे आणि एकदा ताणतणाव व्यवस्थापन.

तो निकाल येऊनही पंधरवड्याची फाइल चालूच आहे, कारण निकाल त्या एका आदेशापुरता लागला आणि फाइल दर पंधरा दिवसांनी नव्याने जन्मते. आव्हान द्यायचे तर वकील, खंडपीठ, तारीख. तोवर आदेश संपलेला असतो आणि सरकार म्हणते, आता काय उरले?

संपादक महोदय, जिल्हाधिकाऱ्यांकडे मी वेगळा अर्ज केला आहे. गेल्या तीन वर्षांतले सगळे मनाई आदेश त्यांच्या ज्याअर्थीसकट संकेतस्थळावर टाकावेत, आणि पंधरा दिवसांपुढे शासनाची मंजुरी कितीदा घेतली ते सांगावे. माहितीच्या अधिकारातही मागितले आहे. दहा रुपयांचे तिकीट लावताना समोरचा कारकून म्हणाला, “काका, तुम्हीच तर इथे होतात.” होतो खरा.

आपल्याकडे एकच विनंती. आपल्या बातमीतला आदेश ३० तारखेला रात्री बारा वाजता संपतो. पुढचा येईल, त्याची प्रेसनोट आपल्या कार्यालयात नेहमीसारखी पोचेल. तो छापताना कृपया त्याअर्थीचे दीड पान गाळा आणि ज्याअर्थीच्या चार ओळी शब्दशः छापा. मूळव्याधीच्या जाहिरातीशेजारी छापल्या तरी चालेल. सणांची नावे मात्र पंचांगाशी ताडून पाहा.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून
(नाव व पत्ता सोबत स्वतंत्र दिला आहे, छापू नये. सौभाग्यवतींनी या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आहेत.)